सोबतीला श्रेयांक नसतात

प्रवेशाच्या खिडकीवर सगळ्यात जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता, असं मला कुणी विचारलं तर त्याला वाटेल, "सोपा विषय कोणता?" हा असणार. तो दुसरा. पहिला प्रश्न, "मॅडम, हा वर्ग किती वाजता सुटतो?" त्यातही विचारणारी मुलगी असेल तर पुढचा प्रश्न तिचे वडील विचारतात, "आणि दुपारची बस सापडते का?"

मी वाणिज्य शाखेची प्राध्यापिका. जळगाव-धुळे रस्त्यापासून जरा आत, एका तालुक्याच्या गावी आमचं कॉलेज. हिशेबशास्त्र शिकवलं, पण गावोगावची माणसं मला त्यासाठी ओळखत नाहीत. मी 'खिडकीवाल्या मॅडम'. दर जूनमध्ये प्रवेशाच्या खिडकीत बसून विषयांची यादी समजावून सांगायची, आणि जुलैत सगळ्या कॉलेजचं वेळापत्रक लावायचं, ही दोन कामं कुणालाच नको होती म्हणून माझ्याकडे आली आणि मग मीच ती सोडली नाहीत. वेळापत्रक समितीत आणखी चार नावं होती. ती सहीपुरती. खरी समिती मी आणि माझं खोडरबर.

माझं माहेर बोदवडचं. नवरा वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला. आम्ही राहायचो जळगावात, सकाळी तो पूर्वेला जायचा आणि मी पश्चिमेला. बोदवडकडची बोली वेगळी, इकडची वेगळी. पहिल्या जूनमध्ये एका आजोबांनी खिडकीवर येऊन "बठ्ठा विषय सांगा" म्हटलं, तेव्हा 'बठ्ठा' नावाचा विषय मी यादीत शोधत बसले होते. 'बठ्ठा' म्हणजे सगळा, हे शिपायाने सांगितलं. अहिराणी मी त्या खिडकीतच शिकले, आणि सांगायला हरकत नाही, चांगली शिकले.

पूर्वी हे काम सोपं होतं. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. असे तीन डबे. पोरगं एका डब्यात चढलं की तीन वर्षांनी उतरायचं. आता नवं धोरण आलं आणि पुस्तिका जाडजूड झाली. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला विषय, कौशल्याचा विषय, भाषेचा विषय, आणि प्रत्येकापुढे इंग्रजी अक्षरांची उसळ. डीएससी, ओई, व्हीएससी, एईसी. प्राध्यापकांचीच भंबेरी उडाली, तर शेतातून उठून आलेल्या बापाने काय करायचं? स्टाफरूममध्ये सगळे धोरणावर परिसंवाद केल्यासारखे बोलायचे. मला तेवढी चैन परवडणारी नव्हती, माझ्या खिडकीपुढे रांग असायची.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगते. श्रेयांक म्हणजे एखाद्या विषयाला दिलेला वेळ. पंधरा तास वर्गात शिकलं की एक श्रेयांक, प्रयोगशाळेत असेल तर तीस तासांना एक. एका सत्राला साधारण बावीस. ते सगळे मुलाच्या नावावर सरकारी खात्यात जमा होतात आणि काही वर्षं तिथेच राहतात. मधे शिक्षण सुटलं, दुसऱ्या गावी गेलं, तरी पुढे तिथून धरता येतं. गुण वेगळे, श्रेयांक वेगळे. मी आमच्या लोकांना सांगायचे, श्रेयांक म्हणजे पाण्याची पाळी आणि गुण म्हणजे पीक. पाळी सगळ्यांना सारखी मिळते, पीक ज्याचं त्याचं.

एकदा रावेरकडचे एक केळीवाले भाऊ आले. मुलगा मामाकडे शिकायला ठेवलेला. मला म्हणाले, "मॅडम, पोरगा भलता हुशार आहे. दोन वर्षांचे श्रेयांक एकाच वर्षात टाकून द्या, म्हणजे मोकळा होईल."

मी म्हटलं, "भाऊ, वर्षाचं पाणी एकाच महिन्यात सोडता का केळीला?"

"काय बोलता मॅडम! कंद सडतील ना."

"मग पोरगा काय निराळा आहे?"

भाऊ हसले आणि बावीसवर राजी झाले.

दुसरी भानगड पूर्वअटीची. पुस्तिकेत विषयाच्या नावाखाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, हा विषय घेण्याआधी अमुक शिकलेलं असावं. ती ओळ कुणी वाचत नाही. दहावीनंतर गणिताचं तोंड न पाहिलेला मुलगा येतो आणि संख्याशास्त्र मागतो. का, तर मित्राने घेतलंय. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? अशांना मी खिडकीतच एक त्रैराशिक घालायचे. सुटलं नाही की मुलगा आपणहून दुसरं पान उलटायचा. याच्या उलट खुल्या विषयाचं. तो आपल्या शाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, आणि तिथे मात्र मुलं खुलतात. वाणिज्यच्या एका मुलाने वनस्पतिशास्त्राकडचा रोपवाटिकेचा विषय घेतला. कारण विचारलं तर म्हणाला, "रोपं घरी नेता येतात ना?" आज त्याची स्वतःची रोपवाटिका आहे आणि माझ्या गच्चीवरची सगळी जास्वंद त्याचीच. हिशेब मात्र त्याची बायको ठेवते, हे माझ्या शिकवण्याबद्दल काय सांगतं ते तुम्हीच ठरवा.

तर पुस्तिका मला पाठ होती. पण वेळापत्रक लावताना मी पुस्तिका उजव्या हाताला ठेवायचे आणि एस.टी.चं वेळापत्रक डाव्या. आमच्या निम्म्या मुली बसने येतात. रात्री गावात थांबणारी मुक्कामी गाडी सकाळी निघते, ती त्यांना कॉलेजात आणते. दुपारची बस परत नेते. त्यानंतरची बस संध्याकाळची, आणि त्या बसने मुलगी घरी आली की दुसऱ्या दिवसापासून तिचं येणं बंद होण्याचीच शक्यता जास्त. म्हणून मुलींचे वर्ग दुपारच्या बसआधी संपवणं, हा माझ्या वेळापत्रकाचा छुपा कायदा होता. प्राचार्यांना तो ठाऊक होता. विद्यापीठाला नव्हता.

आणि दुसरा कायदा जोडीचा. तो मी केलेला नाही, इकडच्या गावांनी केलेला. मुलगी एकटी कॉलेजला जात नाही. त्याच गावातली, जमलं तर त्याच भावकीतली आणखी एक बरोबर लागते. तिला म्हणतात 'सोबत'. सोबत मिळाली तर प्रवेश, नाही तर शिलाई मशीन. जुन्या पद्धतीत हे निभावून जायचं, कारण दोघी एकाच वर्गात बसायच्या. नव्या पद्धतीत एकीचा खुला विषय सकाळी, दुसरीचं प्रात्यक्षिक दुपारी. श्रेयांकांनी जोड्या फोडायला सुरुवात केली आणि त्या सांधायचं काम माझ्याकडे आलं.

अशाच एका जूनमध्ये आबा आले. पांढरा सदरा, टोपी, हातात दोन मुलींच्या गुणपत्रिका. मागे दोघी उभ्या. एक त्यांची मुलगी रोहिणी, बारावी विज्ञान, रसायनशास्त्रात झकास गुण. दुसरी त्यांची सून ज्योती. माहेर शिंदखेड्याकडचं, बारावी कला करून लग्न झालेलं. डोक्यावरचा पदर तिने कॉलेजच्या फाटकातच थोडा मागे घेतला होता, हे माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"मॅडम, दोन्हीसले एकच विषय द्या," आबा म्हणाले.

मी गुणपत्रिका पाहिल्या. "आबा, सुनेला विज्ञान मिळणार नाही. बारावी कलेची आहे."

"मंग आंडेरले कलामा टाका."

आंडेर म्हणजे मुलगी. रोहिणीचा चेहरा पडला. मी आबांना विचारलं, एवढे चांगले गुण असताना तिला कला कशाला? त्यांचं उत्तर तयार होतं.

"एकलीले धाडाव नही मी. सून संगे जाई. सूनना काय, ती नुसती सोबतले शे."

नुसती सोबतीला! मला राग आला, आणि मी राग गिळणाऱ्यांतली नाही. पण खिडकीत बसून एक गोष्ट शिकले होते. बापाशी भांडून त्याला हरवता येतं, पण मग मुलगी घरी जाते आणि परत येत नाही. म्हणून मी भांडण पुढे ढकललं आणि पुस्तिका उघडली.

"आबा, भाषेचा विषय, पर्यावरणाचा, योगाचा, हे सगळ्या शाखांना एकत्र असतात. तिथे दोघी शेजारी बसतील. बाकी रोहिणी प्रयोगशाळेत, ज्योती कलेच्या वर्गात. सकाळची गाडी दोघींची एक, दुपारची बस दोघींची एक."

"म्हणजे जातांना संगे, येतांना संगे?"

"हो."

"आनि मधमा?"

"मधे अभ्यास करतील, आबा. त्यासाठीच पाठवताय ना?"

आबांनी टोपी सारखी केली आणि मान हलवली. रोहिणीचं विज्ञान वाचलं.

मग मी ज्योतीकडे वळले. "तुला कोणता विषय हवाय?"

ती गोंधळून सासऱ्यांकडे पाहायला लागली. मग म्हणाली, "दुपारच्या बसआधी सुटेल तो कोणताही."

"तो मी लावीन. आवडतो कोणता ते सांग."

"मॅडम, मी ते सोबतले उनू ना," ती हळूच म्हणाली. मी तर सोबत म्हणून आलेय. तिची तक्रार नव्हती. मला माहीत नसेल म्हणून ती माहिती देत होती.

मी पुस्तिका फिरवून तिच्यापुढे सरकवली आणि म्हटलं, "अर्जात सोबतीचा रकाना नाही. सोबतीला श्रेयांक नसतात. विषय सांग." तिने बराच वेळ पानं चाळली. रांगेतले लोक कुरकुरायला लागले, मी त्यांच्याकडे असं पाहिलं की ते गप्प झाले. शेवटी तिने भूगोलावर बोट ठेवलं. म्हणाली, शाळेतल्या नकाशात आमचं गाव नव्हतं, मी पेनाने टाकलं होतं, बाईंनी मारलं.

वर्ष छान गेलं. सकाळी मुक्कामी गाडीतून दोघी उतरायच्या, भाषेच्या वर्गात शेजारी बसायच्या, मग रोहिणी पांढरा अ‍ॅप्रन चढवून प्रयोगशाळेत आणि ज्योती भूगोलात. ज्योतीला एक खोड लागली होती. मधल्या वेळेत ती माझ्या खोलीच्या दाराशी यायची आणि पुस्तिकेतलं काही तरी विचारायची. दुय्यम विषय पुढे मुख्य करता येतो का? खुला विषय दर सत्राला बदलता येतो का? एखाद्या विषयात नापास झालं तर फक्त त्याचेच श्रेयांक अडतात की सगळे? मी सांगायचे आणि ती ऐकून घ्यायची. लिहून वगैरे घ्यायची नाही. घरी स्वयंपाक करता करता आठवते, म्हणायची.

उन्हाळ्यात रोहिणीचं लग्न ठरलं. धुळ्याचं स्थळ, मुलगा चांगला, घाई त्यांचीच. एक वर्षावर थांबायचं तर प्रमाणपत्र मिळतं, पण त्यासाठी सुट्टीत कौशल्याचा आणखी एक छोटा अभ्यासक्रम करावा लागतो. मी निरोप धाडला, पण तोवर घरात हळदीची तयारी सुरू झाली होती. रोहिणीचे वर्षभराचे श्रेयांक खात्यात जमा राहिले आणि रोहिणी धुळ्याला गेली.

नवीन वर्षाच्या नोंदणीला आबा एकटे आले. मला वाटलं, सुनेचं नाव काढायला आले असणार, म्हणून मी आधीच पदर खोचून बसले. पण त्यांचा प्रश्न भलताच निघाला.

"मॅडम, पोरना श्रेयांक जमा शेत म्हने. ती ते आते सासरले गयी. वाया जातीन. त्या सूनना नावावर करता येतीन का? घरमाच ऱ्हातीन."

म्हणजे घरातल्या घरात वळते करा! शेजारच्या टेबलावरचे क्लार्क तोंडावर रुमाल धरून बाहेर पळाले. मला मात्र हसू आलं नाही. या माणसाला ते वाया जाऊ द्यायचे नव्हते, आणि ते कुणाला द्यावेत म्हटल्यावर त्याला सून आठवली होती. बावळट प्रश्न होता, पण त्यातला जीव मला दिसला.

"आबा, ज्याचे त्याचे असतात ते. रोहिणीचे कुठे जात नाहीत, सात वर्षं राहतील. धुळ्याच्या कॉलेजात तिला ते लावता येतील. आणि सुनेला दुसऱ्याचे कशाला? तिचे स्वतःचे आहेत."

"तिनासुदा शेत?"

"का नसतील? तीही वर्षभर बसलीच ना वर्गात."

"कितला?"

मी संगणकावर दोन्ही खाती उघडली आणि पडदा त्यांच्याकडे फिरवला. रोहिणीचे चव्वेचाळीस. ज्योतीचे चव्वेचाळीस. आबांनी एकदा या आकड्यावर बोट ठेवलं, एकदा त्या.

"सारखाच?"

"सारखेच."

"ती ते सोबतले जाये," ते स्वतःशीच म्हणाले. सोबतीला जात होती ती! वर्षभर सून काय करत होती हे त्यांना त्या दिवशी कळलं, आणि मला त्यांचा राग यायचा बंद झाला.

पण घोडं पेंड खात होतं ते तिथेच. "मॅडम, आते तिले कोना संगे धाडू? पोर होती तवलोंग ठीक व्हतं. एकली सून बसवर उभी ऱ्हाई ते गाव काय म्हनी?"

मी सांगायचं ते सगळं सांगितलं. गावाच्या तोंडाला झाकण नसतं, सुनेच्या डोक्याला का घालता, इथपर्यंत बोलले. आबा ऐकत राहिले, चहा प्यायले, आणि "दखू" म्हणून निघून गेले. बघू. या 'दखू'ची मला फार वर्षांची ओळख आहे. त्यातून क्वचितच काही निघतं.

नोंदणीचे दिवस संपत आले. ज्योती आली नाही. मी दर वेळी मुक्कामी गाडी आली की खिडकीतून मान लांब करून पाहायचे, आणि मग त्या दिवशी जो समोर येईल त्याच्यावर खेकसायचे. पोटच्या पोरीचा निकाल लांबल्यासारखं झालं होतं मला. एवढ्या मुली आल्या आणि गेल्या, कुणासाठी असा जीव टांगणीला लागला नव्हता. कारण ही मुलगी शिकायला आलीच नव्हती आणि तरी शिकली होती.

शेवटच्या दिवशी गाडीतून ज्योती उतरली. तिच्यामागे एक मुलगी उतरली. मग दुसरी. मग तिसरी. मागून दोन आया. सगळा घोळका थेट खिडकीवर.

"मॅडम, या आमच्या गावच्या. नवा प्रवेश घ्यायचाय," ज्योती म्हणाली. आवाज अगदी खिडकीवाल्या मॅडमसारखा, म्हणजे माझ्यासारखा.

हिने काय केलं होतं, तर सुट्टीत गावातल्या ज्या ज्या घरात बारावी झालेली मुलगी होती, त्या घरात जाऊन बसली होती. आधी दळण, मग पापड, मग हळूच विषय. आई म्हणाली सोबत नाही, की ही म्हणायची, मी आहे ना, लग्न झालेली बाई आहे, सासऱ्यांची परवानगी आहे. परवानगी अजून मिळालेली नव्हती. तिन्ही घरांतून होकार आल्यावर त्या तीन बापांनाच तिने आबांकडे पाठवलं. "आबा, सूनले धाडा, मंग आम्हन्या पोरी जातीन." आता आबांनी नाही म्हटलं असतं तर तीन घरांच्या मुली घरी बसल्या असत्या आणि ठपका आबांवर आला असता. माझी सगळी वकिली फुकट गेली होती आणि हिने गावच्या कायद्यानेच गावाला बांधलं होतं.

तिने तिघींचे विषयही ठरवून आणले होते. एक कला, एक वाणिज्य, एक विज्ञान. मी एकेक तपासलं. वाणिज्य बरोबर, कला बरोबर. विज्ञानवालीला तिने गणित दिलं होतं. त्या मुलीला बारावीला गणित नव्हतं, जीवशास्त्र होतं.

"पूर्वअट," मी बारीक अक्षरांवर बोट ठेवलं.

ज्योतीने जीभ चावली. "वनस्पतिशास्त्र घेऊ?"

"घे. पण त्याचं प्रात्यक्षिक गुरुवारी दुपारच्या बसनंतर सुटतं."

खिडकीच्या पलीकडे आया, मुली, ज्योती, सगळ्या माझ्या तोंडाकडे पाहायला लागल्या. मी खोडरबर काढलं. गुरुवारची तुकडी उचलून मंगळवारी सकाळी ठेवली, मंगळवारची मुलांची तुकडी गुरुवारी दुपारी. वनस्पतिशास्त्राचे सर नंतर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. मंगळवारी सकाळी ते उशिरा यायचे, ते आता जमेना. त्यांचं न बोलणं मी आनंदाने सहन केलं.

त्या वर्षी चौघी येऊ लागल्या. चौथ्या सत्रात प्रत्येकाला एक समाज-सहभाग प्रकल्प करावा लागतो. लोकांत जायचं, त्यांच्या उपयोगाचं काही करायचं, अहवाल द्यायचा. त्याला दोन श्रेयांक. मुलं बहुधा झाडं लावतात आणि फोटो काढतात. ज्योती माझ्याकडे विषय विचारायला आली.

मी म्हटलं, "गावोगावच्या बारावीच्या मुलींना कॉलेजची पुस्तिका समजावून सांग. विषय, श्रेयांक, पूर्वअट. आणि बस."

"मॅडम, त्यात कसला प्रकल्प? ते तर मी करतेच."

"करतेस म्हणूनच."

भूगोलाच्या सरांना विहिरींचं सर्वेक्षण हवं होतं. मी त्यांना म्हटलं, विहिरी कुठे पळून जात नाहीत, मुली जातात. सरांनी मान्य केलं. मग ज्योतीने आजूबाजूच्या गावांचा नकाशा काढला. कोणत्या गावात किती मुली, कोणती गाडी कुठे थांबते, कोणाला कोणाची सोबत जुळते. त्यात तिचं स्वतःचं, आता सासरचं, गावही होतं, ठसठशीत. आयांना ती अहिराणीत सांगायची. धुळ्याला रोहिणीला फोन करून तिथल्या कॉलेजचं वेळापत्रक वाचायला लावायची. रोहिणी अजून घरीच आहे. सासू म्हणते, सोबत मिळाली तर बघू. ज्योती म्हणते, मी शोधते. या एका गोष्टीची मला खंत आहे, आणि ती लपवायचं कारण नाही. रसायनशास्त्राची एवढी चांगली मुलगी माझ्या हातून निसटली, तिचे चव्वेचाळीस धुळ्याची वाट पाहत पडलेत.

यंदा मी निवृत्त झाले. निरोपाला शाल मिळाली, भाषणं झाली, वनस्पतिशास्त्राचे सरही चार शब्द बोलले. पण जून आला तसं प्राचार्यांनी पुन्हा बोलावलं, म्हणाले, मॅडम, खिडकीपुरत्या या. मी कसली थांबते!

पहिल्याच दिवशी आबा आले. बरोबर शेजारच्या गावचे दोन बाप आणि त्यांच्या मुली. आबा त्यांना ऐटीत सांगत होते, "काही काळजी करू नका. बठ्ठ्या पोरी आमनी सूनना संगे धाडा. तिले बठ्ठं समजस." ज्योती बाजूला उभी होती, पदर खांद्यावर. तिच्या चौथ्या सत्राचा निकाल नुकताच लागला होता. मी म्हटलं, दाखव ना आबांना. तिने मोबाइलवर आपलं खातं उघडून त्यांच्या हातात दिलं.

आबांनी चष्मा लावला. एकेक ओळ वाचत खाली आले. भूगोलाचे इतके, इतिहासाचे इतके, भाषेचे इतके. प्रकल्पाच्या ओळीवर बोट थांबलं.

"ह्या दोन कसाना शेत?"

ज्योतीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"सोबतना, आबा."

आबांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहून जरा नाराजीनेच म्हणाले, "दोनच?"